खालून मांडवगड

मांडवगड पाहून आलेला माणूस जहाज महालाबद्दल बोलतो, होशंगशहाच्या संगमरवरी कबरीबद्दल बोलतो, हिंदोळा महालाच्या कललेल्या भिंतींचे फोटो दाखवतो. गड चढलो, असं मात्र कुणी म्हणत नाही. म्हणणार तरी कसं? इंदूरहून धारमार्गे येणारी गाडी माळव्याच्या पठारावरूनच येते. दोन्ही हातांना गव्हाची शेतं, मग नालछा मागं पडतं, काकडा खोहची दरी एकदम उघडते, रस्ता जरा खाली उतरून पुन्हा वर येतो आणि दरवाजांच्या रांगेतून आपण थेट बाजारात पोचतो. पोटातलं पाणी हलत नाही. समुद्रसपाटीपासून 633 मीटर वर आलो हे कुठंतरी वाचलं तर समजतं.

मांडव डोंगर आहे तो दक्षिणेकडून, निमाडातून. नर्मदेच्या काठावर उभं राहून उत्तरेला पाहिलं की विंध्याची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी दिसते. सकाळची हवा स्वच्छ असेल आणि जवळ दुर्बीण असेल, तर भिंतीच्या माथ्यावर दोन घुमटांचा एक ठिपका सापडतो. तो रूपमतीचा मंडप. तिथं खालून जायचं, पायी, कडा अंगावर घेऊन, हे माझ्या मनात बरीच वर्षं होतं. सोबतीला कुणी तयार होईना. सह्याद्रीतल्या मित्रमंडळींना विंध्य म्हणजे डोंगर वाटत नाही, आणि इंदूरच्या नातेवाइकांना मांडवला पायी जाणं हा शुद्ध वेडेपणा वाटतो. होळी उलटल्यावर एकटीच निघाले.

धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत आग्रा रस्त्याने वर आलं की खलघाटला नर्मदा लागते. 18 जुलै 2022 ला इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एसटी याच पुलावरून नदीत कोसळली होती. गाडी पुलावर आली की बसमधले खानदेशी प्रवासी अजूनही हात जोडतात आणि थोडा वेळ कुणी बोलत नाही. पूल ओलांडून डावीकडे वळलं की नदीच्या उत्तर काठानं धरमपुरी.

धरमपुरी हे धार जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. समोर नर्मदेच्या पात्रात एक बेट आहे, त्याला बेंटच म्हणतात, आणि त्यावर बिल्वामृतेश्वर महादेवाचं देऊळ. महाशिवरात्रीला इथं मोठी गर्दी उसळते. मी गेले तेव्हा ती ओसरून गेली होती. घाटावर दोनचार नर्मदा परिक्रमावासी कपडे वाळत घालत होते. सरदार सरोवराच्या बुडितात मध्य प्रदेशातली 192 गावं आणि एकच शहर धरलेलं होतं. ते शहर म्हणजे धरमपुरी. सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं. गुजरातेतलं धरण आणि त्याच्या पाण्याची चर्चा धरमपुरीच्या घाटावर, हे अंतर नकाशावर पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. निमाडातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा विषय काढून बघा, तासभर उठू देत नाहीत. कोणाला किती मोबदला मिळाला, कोणाचं घर यादीत आलं आणि शेजाऱ्याचं का नाही आलं, हे सगळं अजून ताजं आहे.

रूपमती धरमपुरीची, असं इथले लोक सांगतात. सारंगपूरवाले ती आपली म्हणतात. भांडण मिटण्यासारखं नाही आणि मिटायची गरजही नाही, पण धरमपुरीची बाजू मला भूगोलाच्या दृष्टीनं पटते. रोज नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेणार नाही असं म्हणणारी मुलगी नदीकाठचीच असायला हवी. आणि माळव्याच्या सुलतानानं, बाज बहादुरानं, आपल्या या प्रियेसाठी मंडप बांधला ही गोष्ट खरी मानली नाही तरी चालेल. ती इमारत मुळात निमाडावर नजर ठेवण्याची चौकी होती, टप्प्याटप्प्यानं वाढत गेली. वरच्या छत्र्या म्हणजे शेवटचा टप्पा. रूपमती तिथं बसून नदी पाहत असेल. तिच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या शिपाई बसून नदी ओलांडून कोण येतंय ते पाहत होते.

आणि एकदा आले ते आपले लोक होते. नोव्हेंबर 1728. बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा, उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर यांच्यासह फौज घेऊन नर्मदेच्या दक्षिण तीरावर आला. माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याजवळचा घाट अडवून बसला होता. मराठे तिथूनच चढणार अशी त्याची खात्री होती. चिमाजीनं ती वाट सोडली, मांडवगडाच्या घाटानं फौज वर काढली आणि 29 नोव्हेंबरला अमझेऱ्याला गाठ घातली. गिरधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर दोघेही पडले. धारला पवारांची गादी झाली, इंदूरला होळकरांची झाली, देवासला पवारांच्याच दोन पात्या झाल्या; या सगळ्याच्या मुळाशी ही एक चढण आहे. शाळेत असताना 'अमझेऱ्याची लढाई' पाठ केली होती, पण ती लढाई आधी चढाई होती हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं. धरमपुरीच्या घाटावरून ती भिंत पाहिली की घोडे, बारबरदारी आणि हजारो माणसं तिथून वर नेणं म्हणजे काय याचा थोडा अंदाज येतो.

धरमपुरीपासून कड्याच्या पायथ्यापर्यंत सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर सपाट शेती आहे. ती चालत जाण्यात अर्थ नाही. पहाटे एका टेम्पोनं शेवटच्या डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं आणि पुढं बैलगाडीची चाकोरी लागली. गहू काढून झाला होता, कुठं कुठं केळीच्या बागा हिरव्या होत्या, बाकी सगळं करडं. आणि त्या करड्यात पळस. निमाडातला पळस सह्याद्रीतल्यासारखा एकटादुकटा नाही. बांधाबांधावर, ओढ्याओढ्यात रांगाच्या रांगा. पान एक नाही. उजाडता उजाडता तो भगवा रंग आधी काळपट दिसतो, मग ऊन आलं की एकदम पेटतो.

पायथ्याचा पाडा भिल्लांचा. घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येकाचं आपापल्या शेतात. भगोरियाचे बाजार होळीच्या आदल्या आठवड्यात होऊन गेले होते. एका अंगणात पोरांच्या हातात अजून रंगीत पिपाण्या होत्या. बायका मात्र घरी नव्हत्या, सगळ्या मोहाखाली.

मोहाचं फूल पडताना पाहिलं नसेल तर मुद्दाम पहाटे उठून पाहावं. ते रात्री उमलतं आणि उजाडायच्या सुमारास गळायला लागतं. पाकळ्या सुट्या होत नाहीत; सगळं फूल एक मांसल, पिवळट पांढरं, पोकळ बोंड होऊन देठापासून सुटतं आणि जमिनीवर टप्पकन आवाज करतं. फळ धरणारा भाग वर फांदीवरच राहतो, म्हणून फूल वेचलं तरी पुढं टोळंबी येते, तेल निघतं. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन साफ केलेली असते, त्यामुळं काळ्या राखेवर ही मोत्यासारखी फुलं उठून दिसतात. वासात गोडी आहे आणि किंचित आंबलेपणाही. मी एक तोंडात टाकलं. पहिल्यांदा रसाळ, मग जिभेवर जरा तुरट. कोणतं झाड कोणाचं हे ठरलेलं असतं; झाड सरकारी जंगलात असलं तरी ते अमक्याच्या घरचं. टोपली भरत असलेल्या एका आजीनं मान वर न करता विचारलं, "मैया, अकेली?"

अकेली, म्हटलं. कुठं? वर. मांडव. मग मात्र तिनं मान वर केली आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. दोघी खळाळून हसल्या. हसण्याचं कारण थोड्या वेळानं कळलं. उत्तर तटावरून परिक्रमा करणारे रेवाकुंडाचं पाणी घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत, म्हणून ते मांडवला जातात आणि रूपमतीच्या बाजूनं डोंगर उतरून निमाडात येतात. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची म्हटल्यावर उत्तर काठावर चाल पूर्वेकडेच असते. म्हणजे या वाटेवर पाठीला झोळी बांधलेला माणूस नेहमी वरून खाली येतो. मी खालून वर निघाले होते.

आजीनं दिलेला सल्ला मात्र पक्का होता: कोरड्या नाल्याच्या उजव्या हातानं जा, नाल्यात शिरू नको, आणि मधमाश्या दिसल्या तर थांबू नको. पळस आणि सावर फुललेले असताना कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. एकटीनं जाणाऱ्यानं बिबट्याला भ्यावं असं लोक सांगतात. मी माश्यांना भिते. अत्तर नाही, साबणाचा वास नाही, धूर करायचा नाही, हा नियम मी सह्याद्रीतही पाळते.

झाडी सागाची. पानं गळून गेलेली, पायाखाली त्यांचा चुरा. प्रत्येक पाऊल पापड मोडल्यासारखं वाजतं, त्यामुळं वन्यप्राणी वगैरे दिसण्याची आशा सोडून द्यावी. अधूनमधून सालईची गोरी खोडं, त्यांच्यावरून सुटलेले कागदी पापुद्रे. चढ सुरुवातीला सौम्य आहे, मग लाल मातीचा एक पट्टा लागतो आणि तिथून डोंगर उभा राहतो. हा लाल पट्टा सह्याद्रीत फिरणाऱ्याच्या ओळखीचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, दोन थरांच्या मध्ये जो काळ गेला त्यात वरची राख नि दगड कुजून लाल झाला, मग पुढचा थर त्यावर आला आणि तो भाजला. रायगडाच्या कड्यात दिसतो तोच पट्टा इथंही. विंध्य म्हटलं की भूगोलाच्या पुस्तकातला वालुकाश्म आठवतो, पण तो पूर्वेला. धारकडचा विंध्य आपल्याच काळ्या कातळाचा आहे. नर्मदेच्या खोऱ्यालगत जमीन खचली आणि पठाराची ही कड उघडी पडली. थोडक्यात, आपण घरापासून चारशे किलोमीटर येऊन घरच्याच दगडावर चढतो.

फक्त हा दगड जास्त कुजलेला आहे. पायवाट मोठमोठी वळणं घेत जाते. ती सोडून मी डाव्या हाताची सोंड धरली, कारण तिच्यावर तीनचार कातळटप्पे दिसत होते आणि हात लावून चढायला मिळालं नाही तर मला चढल्यासारखं वाटत नाही. पहिला टप्पा दोन पुरुष उंच. पकडी भरपूर, पण प्रत्येक पकडीवर आधी तळव्यानं थाप मारायची. भरीव आवाज आला तर ठीक, डबडब वाजलं तर ती कपची आपल्यासकट खाली येणार. एकटीनं चढताना हे थापा मारणं अंगवळणी पडावं लागतं. तीन अवयव दगडाला, चौथा फिरता. आणि जिथून उतरता येणार नाही तिथं चढायचं नाही. दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर कातळात पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या लहान लहान पोकळ्या होत्या, बोटाचं टोक मावेल एवढ्या. तिथं पाय ठेवायला छान खाचा झाल्या होत्या. तिसऱ्या टप्प्याखाली घसारा लागला, चार पावलं वर, दोन खाली. तो मी सरळ हातापायांवर रांगत पार केला. बघायला कुणी नव्हतं.

सगळा उतार दक्षिणाभिमुख. याचा अर्थ डिसेंबरात सुख आणि मार्चात भाजणं. नवाच्या सुमारास दगड हाताला चटके देऊ लागला. पाणी चार लिटर घेतलं होतं, वाटेत कुठंही मिळत नाही. पावसाळी धबधब्यांच्या जागी या दिवसांत फक्त काळे ओघळ असतात.

सोंड जिथं पुन्हा पायवाटेला मिळते तिथं परिक्रमावासींचा एक जथा भेटला. पाचसहा जण, पांढरे कपडे, हातात दंड, कमंडलू. "नर्मदे हर!" झालं. माझी सॅक, बूट पाहून पुढचे काका थबकले आणि आपसांत मराठीत म्हणाले, "ही बाई उलटी निघाली की रे." मी म्हटलं, "काका, मी परिक्रमेत नाही." मग काय, सगळे तिथंच सावलीला बसले. नाशिककडची मंडळी. त्यातल्या एका मावशींनी झोळीतून राजगिऱ्याचा लाडू काढून हातावर ठेवला आणि घरी कोणाला सांगून आलीस का, हे तीनदा विचारलं. उतरताना गुडघे किती बोलतात यावर सविस्तर चर्चा झाली. नर्मदेच्या काठी मराठी ऐकू येणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. परिक्रमेत मराठी माणसं इतकी असतात की तिथल्या आश्रमवाल्यांना पिठलं करता येतं.

त्यांच्यानंतरचा शेवटचा चढ तटाखालचा. मांडवचा तट सुमारे 37 किलोमीटर फिरतो, पण दक्षिणेला जागोजागी तो नावापुरता आहे. इथं खरा तट म्हणजे कडाच. रूपमतीच्या मंडपाखाली सुमारे 365 मीटर खोली आहे. तरीही हा गड मागच्या बाजूनं चढून घेतला गेलेला आहे. 1535 मध्ये हुमायूनचे दोनेकशे शिपाई रात्री शिड्या आणि दोर लावून मागच्या अंगानं आत शिरले आणि त्यांनी दरवाजा उघडून दिला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा आत होता. तो सोनगडाच्या बालेकिल्ल्यावर गेला आणि तिथून दोरांनी घोडे खाली सोडून निसटला. घोडे! माझी सॅक वर ओढताना मला घाम फुटला होता.

माथ्यावर पोचल्यावर पहिली भेट सुरक्षारक्षकाशी. तिकीट? तिकीट घर फाटकापाशी, म्हणजे पलीकडच्या बाजूला. मी इमारतीला वळसा घालून बाहेर गेले, तिकीट काढलं आणि सहलीला आलेल्या शाळेच्या रांगेत उभी राहून रीतसर आत आले. रक्षकानं तिकीट फाडलं.

मंडपाच्या खालच्या मजल्यावर थंड, अंधारं टाकं आहे. गच्चीवर पडणारं पावसाचं पाणी त्यात उतरवलेलं. कड्याच्या टोकावर विहीर लागणार नाही, नदी खाली डोळ्यांना दिसते पण हाताला येत नाही, म्हणून हा खटाटोप. सगळं मांडवच असं पाणी साठवण्यावर उभं आहे. तलाव, कुंडं, बावड्या, चर. रेवाकुंडाचं पाणी उचलून जवळच्या महालात नेण्यासाठी केलेल्या उंच पाटाचे अवशेष अजून दिसतात. त्या महालाला सगळे बाज बहादुराचा म्हणतात, पण शिलालेख नासिरुद्दीन खिलजीचा, 1508-09 चा. बाज बहादूर नंतर आला आणि नाव त्याचं राहिलं. 1561 मध्ये अकबराचा सरदार अधम खान आला, सारंगपूरजवळ लढाई झाली, बाज बहादूर पळाला आणि रूपमतीनं विष घेतलं. गाईड ही गोष्ट दर अर्ध्या तासानं सांगतात. मी कठड्याला टेकून दोनदा ऐकली. दुसऱ्या वेळी अधम खान जास्त दुष्ट होता.

गच्चीवरून निमाड दिसतो. धुरकट उन्हात नर्मदा शोधावी लागते, आणि बरेच जण ती न सापडताच परत जातात. मला जागा ठाऊक होती: दक्षिणेला, केळीच्या हिरव्या ठिपक्यांच्या पलीकडं, एक फिकट रेघ. खालच्या पळसाच्या रांगा मात्र इथून दिसत नाहीत. रंग उंचीवर टिकत नाही.

बाजारापर्यंतचा रस्ता गोरखचिंचांच्या झाडांमधून जातो. मूळ आफ्रिकेचं झाड, मांडवात कोणी आणलं याच्या कथा वेगवेगळ्या. इथं त्याला मांडूची इमली किंवा खुरासानी इमली म्हणतात. वसंतात सगळी झाडी फुलत असताना हे एकटं झाड ठार नागडं, हत्तीच्या पायासारखं खोड आणि वर मुळांसारख्या फांद्या. बायका त्याची मखमली फळं विकायला बसलेल्या असतात. फोडलं की आत पांढरा आंबट भुगा. पाण्यात कालवून प्यायलं की तहान खरंच जाते. जेवायला दालपानिया घ्यावा. मक्याच्या पिठाचे जाड पानगे पानांत दाबून शेणीच्या निखाऱ्यावर भाजतात आणि तुपात चुरून डाळीशी खातात. चढून आलेल्या माणसाला दोन पुरतात, गाडीनं आलेल्याला एक जड जातो.

कोणाला जायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ ठीक, उजाडायच्या आत पायथा सोडायचा आणि दहापर्यंत माथा गाठायचा. सोंडेवरून जायचा आग्रह नको. परिक्रमेची पायवाट सोपी आणि रहदारीची आहे, पाड्यातला एखादा माणूस वाट दाखवायला आनंदानं येतो, त्याला नीट पैसे द्यावेत. मोह वेचणाऱ्यांच्या झाडाखालून चालत जाऊ नये, फुलं तुडवली जातात. पावसाळ्यात मांडव फार सुंदर असतं, पण तेव्हा गाडीनंच यावं. शेवाळलेल्या कातळावर आणि नाल्याच्या लोंढ्यात ही बाजू एकट्यानं करण्याजोगी नाही. परतीला मांडवहून धारपर्यंत पस्तीसेक किलोमीटर आहेत, संध्याकाळी बसगाड्या विरळ होतात, म्हणून दुपारीच चौकात चौकशी करून ठेवावी.